रंग गेला, पण कशामुळे? संतृप्त-असंतृप्त हायड्रोकार्बन ओळखण्याच्या प्रयोगाच्या नोंदी

२२ नोव्हेंबर २०२५, शनिवार

दहावीच्या मुलांकडून संतृप्त आणि असंतृप्त हायड्रोकार्बन ओळखण्याचा प्रयोग यंदा फळ्यावर नाही, परीक्षानळीत करून घ्यायचा आहे. हायड्रोकार्बन म्हणजे फक्त कार्बन आणि हायड्रोजनची संयुगं; संतृप्त म्हणजे कार्बन-कार्बनमध्ये सगळे एकेरी बंध, असंतृप्त म्हणजे कुठेतरी दुहेरी किंवा तिहेरी. शाळा इंदूरची. लॅब साधी आहे: दोन लांब टेबलं, एक बेसिन, एलपीजीवर चालणारे बर्नर. खिडक्या मात्र मोठ्या आणि समोरासमोर, हवा खेळती राहते. विषारी वाफा बाहेर ओढणारं फ्यूम कपाट नाही. शनिवारी शाळा लवकर सुटते, मग लॅब मोकळी मिळते. दुसऱ्या शाळेत कुणाला हाच प्रयोग करायचा असेल तर उपयोगी पडावं म्हणून जे घडेल ते तारखेनिशी लिहून ठेवते आहे.

काय करायचं यापेक्षा काय करायचं नाही हे आधी ठरलं. असंतृप्त वायू म्हटलं की रिवाजाप्रमाणे कॅल्शियम कार्बाइडवर पाणी टाकून ॲसिटिलीन काढतात. ते यंदा नाही. गेल्याच महिन्यात, दिवाळीत, इथे मध्य प्रदेशात कार्बाइड गनमुळे (नळीत कार्बाइड-पाण्याचा वायू पेटवून आवाज काढायचं खेळणं) मुलांच्या डोळ्यांना इजा झाल्या. आमच्या मुलांनी त्या बातम्या आणि व्हिडिओ पाहिलेत. त्यांच्यासमोर कार्बाइडचा खडा पाण्यात टाकायला माझं मन धजत नाही. रसायनाच्या अंगानेही तो वायू स्वच्छ नसतो. बाजारातल्या कार्बाइडमधून फॉस्फीन आणि हायड्रोजन सल्फाइडही निघतात आणि तेही परमँगनेटचा रंग घालवतात. मोरचुदाच्या द्रावणातून धुऊन घेतल्याशिवाय त्या वायूच्या निकालावर विसंबता येत नाही.

असंतृप्त पदार्थ ज्याचा तांबूस रंग घालवतात ते ब्रोमीन पाणीही बाद. कपाटात एक जुनी बाटली निघाली, लेबल शाबूत, आतलं पाणी जवळजवळ बिनरंगी. ब्रोमीन केव्हाच उडून गेलेलं. नवा द्रव ब्रोमीन फ्यूम कपाटाशिवाय उघडायचा प्रश्नच नाही.

म्हणजे उरली बायरची परीक्षा: थंड, विरल, अल्कधर्मी पोटॅशियम परमँगनेट. ॲडॉल्फ फॉन बायर यांचं नाव तिला आहे, १९०५ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालेले ते. दुहेरी बंध असेल तर जांभळा रंग जातो आणि तपकिरी मँगनीज डायऑक्साइड खाली बसतो. सोबतीला टिंक्चर आयोडीन, म्हणजे अल्कोहोलमध्ये विरघळवलेलं आयोडीन.

संध्याकाळी दवा बाजारात गेले. परमँगनेट, निर्जल सोडियम कार्बोनेट, लिक्विड पॅराफिनची (पेट्रोलियमपासून काढलेलं बिनरंगी तेल) बाटली, हार्ड ग्लासच्या, म्हणजे जास्त उष्णता सोसणाऱ्या काचेच्या, काही परीक्षानळ्या. परमँगनेटला इथे सगळे ‘लाल दवा’ म्हणतात, पुडी चाळीस रुपयांत. लिक्विड पॅराफिन औषधी दर्जाचंच घ्या. ते शुद्ध करताना त्यातले असंतृप्त आणि ॲरोमॅटिक (बेंझीनसारख्या वलयांचे) भाग काढून टाकलेले असतात, त्यामुळे ‘हे नक्की संतृप्त’ असं छातीठोकपणे म्हणता येईल असा एक तरी द्रव हाताशी राहतो. पुढच्या सगळ्या कामाला याचाच आधार लागणार आहे.

दुकानदाराने त्याच पिशवीत ग्लिसरीनची बाटली टाकायला घेतली, दुसऱ्या वर्गासाठी हवी होती. वेगळी पिशवी मागून घेतली. परमँगनेटच्या कोरड्या खड्यांवर ग्लिसरीन सांडलं तर आपोआप पेट घेतं. हे दोन पदार्थ एका फडताळातही ठेवू नका.

२९ नोव्हेंबर, शनिवार

द्रावण तयार केलं. एक ग्रॅम परमँगनेट १०० मिलीलिटर पाण्यात, त्यातले १० मिलीलिटर काढून पुन्हा १०० मिलीलिटर केले. शाळेचा काटा एक दशांश ग्रॅम विश्वासाने मोजत नाही, म्हणून हा दोन टप्प्यांचा मार्ग. त्यात एक ग्रॅम सोडियम कार्बोनेट.

पहिल्या खेपेला शाळेच्या बोअरिंगचं पाणी वापरलं आणि प्रयोग सुरू व्हायच्या आतच द्रावण बिघडलं. तासाभरात बाटलीच्या तळाशी तपकिरी गाळ. बोअरच्या पाण्यात विरघळलेलं लोह असलं की परमँगनेट त्याच्याशीच अभिक्रिया करून बसतं, शिवाय आपण घातलेल्या कार्बोनेटमुळे पाण्यातल्या कॅल्शियमचं कॅल्शियम कार्बोनेट होऊन धूसरपणाही येतो. नळाचं नर्मदेचं पाणी घेतलं तर लोहाचा त्रास दिसला नाही, धूसरपणा मात्र थोडा राहिला. शेवटी बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर आणलं. त्यात केलेलं द्रावण लखलखीत जांभळं, आरपार दिसणारं.

दुसरी अडचण दुसऱ्या दिवशी कळली. नुसतं द्रावण भरलेली एक नळी रबरी बूच लावून ठेवली होती, रंग किती टिकतो ते पाहायला. आमचे लॅबवाले काका रविवारी काही कामासाठी आले होते, त्यांनी फोन केला, ‘‘मॅडम, त्या नळीत तर काहीच घातलं नव्हतं ना? बुचाखाली सगळं तपकिरी झालंय.’’ नळी आडवी पडली होती, द्रावण रात्रभर बुचाला टेकून राहिलं. नैसर्गिक रबर हा स्वतःच असंतृप्त हायड्रोकार्बन, प्रत्येक कडीत एक दुहेरी बंध. परमँगनेटने आपलं काम केलं होतं, फक्त आम्हाला नको असलेल्या ठिकाणी. लाकडी बूचही चालणार नाही. पॉलिथिनची बुचं मागवली. पॉलिथिन संतृप्त आहे, त्यामुळे त्याच्यावर परिणाम नाही. ही गोष्ट मुलांना सोमवारी दाखवली, दोन्ही बुचं शेजारी ठेवून. रबराच्या बुचाला जिथे द्रावण टेकलं होतं तिथे गडद तपकिरी वर्तुळ उमटलं होतं, नखाने खरवडलं तरी न जाणारं. एका मुलीने विचारलं, ‘‘मग हेच आपलं पहिलं असंतृप्त का?’’ हो, हेच पहिलं. वहीत तसंच लिहून घेतलं.

६ डिसेंबर, शनिवार

पहिली पूर्ण खेप. चार नळ्या: फक्त पाणी, लिक्विड पॅराफिन, पेंटच्या दुकानातून आणलेलं तारपीन, आणि एका मुलाने घरून आणलेलं रॉकेल. प्रत्येकीत दोन मिलीलिटर नमुना, एक मिलीलिटर परमँगनेट, बूच लावून जोरात हलवायचं आणि स्टँडमध्ये ठेवायचं. मुलांना अपेक्षा सांगितली होती: पहिल्या दोन जांभळ्या राहतील, तारपीनची रंग सोडेल, रॉकेलचं बघू.

झालं ते असं. तारपीन तसंच जांभळं राहिलं. लिक्विड पॅराफिनच्या एका गटाच्या नळीचा रंग गेला, बाकीच्या गटांचा नाही. रॉकेल रेशनचं, म्हणजे निळा रंग घातलेलं. हलवल्यावर निळा-जांभळा दुधाळ गढूळपणा आला आणि थर वेगळे व्हायला इतका वेळ लागला की मुलं कंटाळली. थर बसल्यावर खालचं जांभळं अर्ध्या तासात किंचित फिकं वाटलं. ‘वाटलं’ या शब्दावर निकाल देता येत नाही. रॉकेल यादीतून काढून टाकलं.

तारपीनने खरी पंचाईत केली. चीड म्हणजे पाइन झाडाच्या डिंकापासून काढलेल्या तारपिनात पायनीन असतं, दहा कार्बन, सोळा हायड्रोजन आणि एक दुहेरी बंध. त्याचा रंग जायलाच हवा होता. घरी येऊन डब्यावरची बारीक अक्षरं भिंग घेऊन वाचली: मिनरल टर्पेंटाइन. हे पेट्रोलियमपासून काढलेलं, बहुतांश संतृप्त आणि काही ॲरोमॅटिक. रंगारी त्यालाच तारपीन म्हणतात आणि रंग पातळ करायला ते अगदी योग्य आहे. दुकानदाराची काही चूक नाही, मी नाव सांगितलं आणि त्याने त्या नावाने जे विकलं जातं ते दिलं. वास घेतला असता तरी कळलं असतं: मिनरलला रॉकेलसारखा वास, खऱ्याला ओल्या चिडाच्या लाकडाचा. चित्रकलेचं सामान विकणाऱ्या दुकानात डिस्टिल्ड टर्पेंटाइनची लहान बाटली मिळाली, किंमत मिनरलच्या कितीतरी पट. ती सोमवारी घेऊन येणार.

म्हणजे प्रयोग चुकला नव्हता. द्रावणाने बाटलीतलं खरं सांगितलं आणि आम्ही नावावर विश्वास ठेवून बसलो होतो. मुलांना हे सांगताना मला फार बरं वाटलं, कारण अपेक्षेविरुद्ध आलेलं निरीक्षण खोडून ‘रंग गेला’ असं लिहायला दोन गट तयारच होते. पुस्तकात तसं दिलंय म्हणून. त्यांना ते निरीक्षण जसंच्या तसं ठेवायला लावलं.

८ डिसेंबर, सोमवार

मधल्या सुट्टीत दोन गोष्टी निस्तरल्या.

डिस्टिल्ड टर्पेंटाइन: हलवल्यावर मिनिटाच्या आत जांभळा रंग मळकट झाला, मग कोऱ्या चहासारखा, मग थरांच्या सीमेवर तपकिरी कण जमले आणि हळूहळू खाली उतरले. शेजारी मिनरलची नळी जांभळीच. दोन्ही बाटल्या ‘तारपीन’ नावाच्याच. हा जोड पुढच्या वर्षीपासून मुद्दाम ठेवणार.

लिक्विड पॅराफिनची ती एक बिघडलेली नळी: त्या गटाला विचारलं, नळी कशाने धुतली. आधीच्या तासाचा तेलकटपणा जात नव्हता म्हणून स्पिरिटने खळबळली आणि तशीच ओली वापरली. अल्कोहोलही परमँगनेटचा रंग घालवतं, अल्कधर्मी द्रावणात तर चांगलंच. खात्रीसाठी नुसत्या परमँगनेटमध्ये स्पिरिटचे थेंब टाकून पाहिले. थोड्याच वेळात तपकिरी. मुलं गप्प झाली, मग एकाने स्वतःहून म्हटलं, ‘‘म्हणजे रंग गेला तर तीन गोष्टी असू शकतात, दुहेरी बंध, घाण किंवा स्पिरिट.’’ तीनच नाहीत, यादी लांब आहे, पण विचार बरोबर दिशेने चालला आहे.

आतापासून नियम: नळ्या गरम पाणी आणि भांड्यांच्या साबणाने, मग भरपूर नळाचं पाणी, शेवटी बॅटरीचं पाणी, उलट्या टांगून पूर्ण वाळवायच्या. स्पिरिट नाही.

१३ डिसेंबर, शनिवार

ज्योतीची परीक्षा. संतृप्त स्वच्छ जळतं, असंतृप्त काजळी सोडतं, असं मुलांना पाठ आहे. पांढरी टाइल चिमट्यात धरून ज्योतीवर दोन सेकंद, मग काजळीचा डाग बघायचा.

मेणबत्ती: वात कापलेली असताना डाग अगदी पुसट. वात लांब ठेवली की ठळक काळा. मेण तेच, पॅराफिनचं, संतृप्त. बदललं फक्त इतकंच की लांब वातीने इंधन जास्त ओढलं आणि हवा तेवढीच राहिली. एलपीजीच्या बर्नरचंही तसंच: हवेची झडप उघडी असताना निळी ज्योत आणि टाइल पांढरी, झडप बंद केली की पिवळी ज्योत आणि काजळी.

मग कापूर. बशीत चिमूटभर जाळला आणि टाइल काळीकुट्ट. आरतीच्या ताटावर हे सगळ्यांनी पाहिलेलं असतं. कापूर हायड्रोकार्बन नाही, त्यात एक ऑक्सिजनही आहे. पण त्याच्या कार्बन-कार्बन सांगाड्यात एकही दुहेरी बंध नाही. तरी इतकी काजळी! दहा कार्बनला सोळाच हायड्रोजन, म्हणून. मिनरल टर्पेंटाइनचे दोन थेंब कापसाच्या वातीवर जाळले, तेही धुरकटलं, त्यातल्या ॲरोमॅटिक भागामुळे.

माझं मत आता पक्कं झालंय: काजळीवरून कार्बनचं प्रमाण जास्त आहे की हवा कमी पडली आहे एवढं कळतं. दुहेरी बंध आहे की नाही हे नुसत्या काजळीवरून ठरवू नका. परीक्षेत विचारलं तर मुलांनी पुस्तकातलं लिहावं, पण कापराची टाइल मी लॅबच्या खिडकीत ठेवली आहे, पुसू दिली नाही.

२० डिसेंबर, शनिवार

संत्र्याची साल. बाजारात संत्री भरपूर आहेत, आगर-माळव्याकडची आणि नागपूरचीही. सालीच्या तेलात मुख्यतः लिमोनीन, पुन्हा दहा कार्बन आणि सोळा हायड्रोजन, पायनीनसारखंच. मात्र याच्यात दुहेरी बंध दोन. खरं हायड्रोकार्बन, फुकट मिळणारं, मुलांच्या डब्यातलं.

साल वाकवून थेट परमँगनेटवर पिळली. रंग क्षणात गेला. सगळे खूश झाले आणि तिथेच थांबले असते, पण आता आम्ही सोबतीच्या नळीशिवाय काही मानत नाही. संत्र्याच्या रसाचा थेंब दुसऱ्या नळीत टाकला. तिचाही रंग क्षणात गेला. क जीवनसत्त्व, साखरा, सगळेच परमँगनेटला खातात. सालीबरोबर रस आणि पांढऱ्या गराचं पाणी येतंच, तेव्हा पहिल्या नळीत लिमोनीनने काय केलं आणि रसाने काय, हे वेगळं करता येईना.

यावर उपाय शोधण्यात जवळजवळ सगळा वेळ गेला, आणि तो एका मुलाच्या बोलण्यातून निघाला. तो म्हणाला, ‘‘तेल तेलातच विरघळेल ना, रस नाही विरघळणार.’’ मग असं केलं: लिक्विड पॅराफिनचे तीन मिलीलिटर बशीत घेतले, सालीची बाहेरची बाजू खाली करून त्यावर पिळत राहिलो. उन्हात धरलं की पिळताना बारीक फवारा दिसतो, तो बशीत पडेल असा कोन धरायचा. मग ते पॅराफिन नळीत घेऊन बॅटरीच्या पाण्याने तीनदा हलवून धुतलं, दरवेळी खालचं पाणी ड्रॉपरने काढून टाकलं. क जीवनसत्त्व आणि साखर पाण्यात जातात, लिमोनीन पॅराफिनमध्ये राहतं. शेवटच्या धुण्याच्या पाण्यात परमँगनेटचा थेंब टाकून पाहिला, जांभळाच राहिला, म्हणजे धुणं पुरेसं झालं.

आता हे संत्र्याच्या वासाचं पॅराफिन एका नळीत, तसंच धुतलेलं साधं पॅराफिन दुसरीत. दोन्हींत सारखं परमँगनेट. हलवलं. वासाचं पॅराफिन असलेली नळी तपकिरी, साधी जांभळी. दोन्ही नळ्यांत फरक फक्त सालीच्या तेलाचा, म्हणजे मुख्यतः लिमोनीनचा. आजवरचा सगळ्यात स्वच्छ निकाल हा आहे. ज्यांच्याकडे पैसे आणि सोयी कमी आहेत त्यांनी तारपिनाच्या मागे न लागता हाच प्रयोग करावा असं मला मनापासून वाटतं.

२८ डिसेंबर, रविवार, घरी

नाताळची सुट्टी. भाची आली आहे, नववीतली. स्वयंपाकघरात खाद्यतेलं तपासली. तेलं हायड्रोकार्बन नव्हेत, ग्लिसरॉलचे एस्टर, म्हणजे ग्लिसरॉलला लांब आम्लं जोडून झालेली संयुगं आहेत; पण त्यांच्या लांब शेपट्या हायड्रोकार्बनच्याच असतात आणि दुहेरी बंध त्या शेपटीत.

टिंक्चर आयोडीन मागितलं तर मेडिकलवाल्याने पोव्हिडोन आयोडीन दिलं. रंग तसाच दिसतो म्हणून वापरून पाहिलं. तेलाबरोबर हलवलं तरी तपकिरी रंग पाण्याच्या थराला चिकटून राहिला, कारण त्यातलं आयोडीन पॉलिमरला बांधलेलं असतं. या कामाला निरुपयोगी. दुसऱ्या दुकानात खरं टिंक्चर मिळालं. टिंक्चरच वापरा, आयोडीनचे कोरडे खडे टर्पेंटाइनमध्ये कधीही टाकू नका, ती अभिक्रिया फार जोरात होते.

थंडीने वेगळाच घोळ घातला. नारळाचं तेल बाटलीत गोठलेलं, तूपही कडक, सोयाबीनचं तेल मात्र वाहतं. भाची म्हणाली, ‘‘आत्या, निकाल तर इथेच लागला की.’’ अर्धा लागला खरा. दुहेरी बंधापाशी शेपटीला बाक येतो, बाकदार रेणू एकमेकांना नीट चिकटून बसत नाहीत, म्हणून ते तेल थंडीतही पातळ. पण गोठलेल्या तेलात थेंब मिसळणार कसे? सगळ्या वाट्या एकाच कोमट पाण्याच्या परातीत ठेवल्या, म्हणजे तापमान सगळ्यांना सारखं. एकच तेल गरम केलं असतं तर तुलना फुकट गेली असती.

लिक्विड पॅराफिनमध्ये टिंक्चर हलवलं तर वरच्या थरात सुंदर जांभळट-गुलाबी रंग आला आणि तसाच राहिला. शेंगदाण्याच्या आणि सोयाबीनच्या तेलात तपकिरी रंग आला आणि हळूहळू फिका होत गेला, सोयाबीनचा आधी. तुपाचा फार कमी उतरला, नारळाचा जवळजवळ नाहीच. वेळ लागतो, तासभर धरून चला. आयोडीन दुहेरी बंधाला मंदपणे जोडलं जातं, म्हणूनच प्रयोगशाळेत तेलाचा आयोडीन अंक (तेल किती आयोडीन घेतं याचं माप) काढताना जास्त चपळ आयोडीन मोनोक्लोराइड वापरतात. अन्नसुरक्षेच्या नियमांत हे अंक दिलेले आहेत: नारळाचं तेल ७.५ ते १०, शेंगदाणा ८५ ते ९९, सोयाबीन १२० ते १४१. आमच्या वाट्यांचा क्रमही तोच आला. माळव्यातल्या घराघरांत सोयाबीनचंच तेल, त्यामुळे या नमुन्यासाठी कुणालाही दुकानात जावं लागणार नाही.

परमँगनेट मात्र तेलांना जमत नाही. कार्बोनेटमुळे तेलातल्या मोकळ्या आम्लांचा थोडा साबण होतो आणि नळीत पांढरट फेसाळ लगदा तयार होतो, त्यात रंग बघायचा तरी कसा. तेलांना आयोडीन, हायड्रोकार्बनला परमँगनेट, अशी वाटणी केली.

३ जानेवारी २०२६, शनिवार

आज मोठा प्रयोग: लिक्विड पॅराफिन उष्णतेने तोडायचं. लांब संतृप्त साखळी तुटली की तुकड्यांपैकी काही असंतृप्त असतात, त्यात इथीनसारखे वायूही. त्याच बाटलीतला द्रव, आधी रंग न घालवणारा, तोडल्यावर रंग घालवतो का ते पाहायचं. कार्बाइडशिवाय असंतृप्त वायू मिळवण्याचा मला सुचलेला हाच रास्त मार्ग.

मांडणी: आडवी परीक्षानळी, बंद टोकाला लिक्विड पॅराफिनमध्ये भिजवलेलं ग्लास वूल (काचेच्या धाग्यांचा कापूस), मधोमध चिनी मातीच्या फुटक्या बशीचे बिनचकाकीचे तुकडे (तापलेल्या या तुकड्यांवर पॅराफिनची वाफ तुटते), तोंडाला बूच आणि वाहक नळी, तिचं दुसरं टोक पाण्याच्या टबात. वर पाण्याने भरलेल्या उपड्या नळ्या.

स्पिरिट दिव्यावर काहीच झालं नाही. पांढरी वाफ आली, वाहक नळीत पुन्हा तेल होऊन बसली. तुकडे पुरेसे तापतच नव्हते. बर्नर लावला तर साधी नळी मध्ये वाकली. ती जुन्या साठ्यातली सोडा ग्लासची निघाली. हार्ड ग्लासची लावली. बुडबुडे सुरू झाले, सगळे टबाभोवती जमले, आणि एका मुलाने बर्नर नीट सरकवायला म्हणून क्षणभर बाजूला घेतला. नळी थंड होताच आतला दाब उतरला, टबातलं पाणी वाहक नळीतून सरसर वर चढलं आणि तापलेल्या काचेवर पडलं. नळी तडकली. सगळ्यांना चष्मे होते, मुलं टेबलापासून हातभर लांब होती, कुणाला लागलं नाही. चष्म्यांबाबत मी हट्टी आहे आणि राहणार. काचा गोळा करून तास तिथेच संपवला.

१० जानेवारी, शनिवार

बदल असे केले. ज्योत तुकड्यांवरच स्थिर, ग्लास वूलकडे फक्त अधूनमधून क्षणभर, नाहीतर न तुटलेली वाफच पुढे जाते. बर्नर हलवण्याचा अधिकार एकालाच, लॅबवाल्या काकांना. आणि स्टँड असा लावला की एका हाताने सगळी मांडणी उचलून वाहक नळी पाण्याबाहेर काढता येईल. आधी नळी पाण्याबाहेर, मग ज्योत बंद, हा क्रम फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिला.

पहिल्या गोळा झालेल्या नळीत मुख्यतः आतली हवाच असते, ती टाकली. पुढच्या नळ्या पाण्याखालीच पॉलिथिनची बुचं लावून बाहेर काढल्या. एकीत परमँगनेटचे काही थेंब टाकून लगेच बूच लावलं, हलवलं. जांभळा रंग आधी हिरवट झाला, मग काचेच्या कडेने तपकिरी पापुद्रा धरला. हवा भरलेली शेजारची नळी जांभळी. न तापवलेल्या लिक्विड पॅराफिनची नळीही जांभळी. दुसऱ्या वायूच्या नळीला तोंडाशी काडी लावली, पिवळी ज्योत आत सरकत जळाली.

तेवढ्यात मागच्या बाकावरून प्रश्न आला: ‘‘मॅडम, ग्लास वूल किंवा बशी तापून काही निघालं असेल तर?’’ अशा प्रश्नासाठीच हा सगळा खटाटोप होता. लगेच दुसरी मांडणी केली, सगळं तसंच, फक्त ग्लास वूल कोरडं. सुरुवातीला तापलेली हवा फुगून थोडे बुडबुडे आले, ते गोळा केले, मग काहीच नाही. परमँगनेट जांभळंच. आता त्या मुलाचं समाधान झालं आणि माझंही.

१७ जानेवारी, शनिवार

आवराआवर. एकूण खर्च हजार-बाराशेच्या घरात, त्यातला सगळ्यात मोठा वाटा हार्ड ग्लासच्या नळ्यांचा आणि डिस्टिल्ड टर्पेंटाइनचा. मिनरल टर्पेंटाइन, चुकीचं टिंक्चर आणि तडकलेली नळी वजा केली तर निम्म्यात भागेल. फक्त संत्र्याची साल, लिक्विड पॅराफिन आणि लाल दवा एवढ्यावर करायचं तर दोनशे रुपये पुरे.

बोटांवरचे आणि बेसिनवरचे तपकिरी डाग साबणाने जात नाहीत. क जीवनसत्त्वाची गोळी कुटून ओल्या बोळ्याने चोळली की लगेच जातात. तपकिरी गाळ बेसिनमध्ये ओतला नाही. थर बसू दिले, वरचं पाणी पुन्हा गाळलं, गाळ कोरडा करून टर्पेंटाइनच्या चिंध्यांपासून वेगळा बंद डब्यात. इंदूरच्या कचरागाडीत घरगुती घातक कचऱ्याचा कप्पा वेगळा असतो, त्यात दिला. टर्पेंटाइनच्या चिंध्या गोळा करून कोंबून ठेवू नका, पसरून वाळवा, गुंडाळीत त्या आपोआप तापू शकतात.

परमँगनेटचं उरलेलं द्रावण तपकिरी काचेच्या बाटलीत, पॉलिथिनच्या बुचाने बंद करून, तारीख घालून ठेवलं आहे. वापरण्याआधी दरवेळी एक नळी फक्त पाण्याची लावून बघा. तीच फिकी निघाली तर द्रावण नवं करा.

पुढच्या शनिवारी टोमॅटो. त्यातलं लायकोपीन हेही हायड्रोकार्बन, चाळीस कार्बन, छप्पन हायड्रोजन आणि तेरा दुहेरी बंध, आणि ते स्वतःच रंगीत. लिक्विड पॅराफिनमध्ये तो लाल रंग किती उतरतो ते मुलांनी आजच वाटीत करून बघितलं. कच्च्या फोडींतून फारसा नाही. शिजवून, आटवून घेतल्यावर बऱ्यापैकी नारिंगी आला. तो पाण्याने धुऊन घ्यावा लागेल, संत्र्यासारखाच. टोमॅटोतही क जीवनसत्त्व आहे.